आई पंगतीत बसायची

अण्णा, म्हणजे माझे वडील, नाशिकमधल्या सातपूरच्या एका कंपनीत फिटर होते आणि त्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची. फर्स्ट शिफ्ट सकाळी सातला, सेकंड दुपारी साडेतीनला आणि नाइट रात्री बाराच्या आसपास. आम्ही सिडकोत, म्हणजे नवीन नाशकात राहायचो, त्रिमूर्ती चौकापासून पाच मिनिटांवर, दोन खोल्यांच्या घरात. नवीन नाशिक म्हणजे तेव्हा बरीचशी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची वस्ती. कुणी खानदेशातून आलेलं, कुणी सिन्नर-निफाडकडून, कुणी पार उत्तर प्रदेशातून. गल्लीत भरदुपारी एका घरात नाइट करून आलेला माणूस झोपलेला असायचा आणि शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या चालू असायच्या. दुपारी अंगणात क्रिकेट खेळायला आम्हाला सक्त मनाई होती.

अशा वस्तीत जेवणाची रीत ठरलेली असते. जो येईल त्यानं वाढून घ्यावं. पोरं शाळेतून आली की जेवणार, माणूस ड्युटीवरून आला की जेवणार, आणि बाई सगळ्यांचं आटोपलं की. आईनं आमच्याकडे हे होऊ दिलं नाही. दिवसातून एकदा चौघांनी एकत्र बसायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. केव्हा बसायचं ते मात्र पाळीप्रमाणे. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात रात्री साडेसातला. सेकंडच्या आठवड्यात सकाळी साडेदहाला, कारण माझी आणि भावाची शाळा दुपारची होती आणि अण्णा दोननंतर सायकल काढायचे. नाइटच्या आठवड्यात अण्णा संध्याकाळी उठायचे, आंघोळ करायचे, मग आठला आमची ताटं मांडली जायची. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी आई पेन्सिलीनं 'फ', 'से', 'ना' लिहून ठेवायची. त्यावरून आम्हाला कळायचं, या आठवड्यात कधी भूक लागू द्यायची ते.

सकाळी साडेदहाला पूर्ण स्वयंपाक करायचा म्हणजे पहाटेच उठायला हवं, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. पण आईनं केलेली यापेक्षा मोठी गोष्ट मला कळायला त्याहून जास्त वर्षं लागली. ती स्वतः आमच्याबरोबर जेवायला बसायची.

यात काय मोठंसं, असं वाटेल. पण भाकरीच्या घरात हे सोपं नसतं. भाकरी तव्यावरून उतरली की ताटात पडली पाहिजे, अशी आपल्याकडे जेवणाऱ्यांची सवय. एक भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग जाळावर धरून फुगवायची. एकीला दोन-तीन मिनिटं तरी जातातच. चार माणसांच्या आठ-नऊ भाकऱ्या होईपर्यंत पहिला जेवणारा हात धुऊन मोकळा होतो. म्हणजे ज्या घरात सगळ्यांना गरम भाकरी मिळते, त्या घरात करणारी बाई एकटीच जेवते. दुसरा मार्गच नाही.

आईनं गरम भाकरीवर पाणी सोडलं. ती सगळ्या भाकऱ्या आधी करून घ्यायची. झालेली भाकरी लगेच एकीवर एक रचायची नाही. आधी परातीच्या काठाला टेकवून उभी करायची, म्हणजे वाफ निघून जाते आणि खालची बाजू ओली होत नाही. जरा निवली की दुरडीत. दुरडीत जुन्या सुती धोतराचा धुतलेला तुकडा, भाकऱ्या त्यावर, आणि चारी टोकं वरून दुमडलेली. अर्ध्या तासानंही ती बाजरीची भाकरी कोमट असायची आणि मोडताना नरम लागायची. कालवणंसुद्धा तिनं यावर बेतून ठेवली होती. ज्याला थांबून राहता येतं तेच रोजच्याला. उडदाचं घुटं, डाळ-मेथी, हुलग्याचे शेंगोळे. शेंगोळे तर उलट थोडे थांबले की रसात मुरतात. पिठलं मात्र थांबत नाही, पाच मिनिटांत थिजतं. म्हणून पिठलं रविवारी, सगळे घरात असताना, आणि ते घोटायचं काम अण्णांचं. अण्णा कढईशी उभे, आई पाटावर बसलेली, आणि 'गुठळी राहिली का बघा हो' हे ती बसल्या जागेवरून सांगतेय, हा आमच्याकडे दर रविवारचा प्रकार होता.

आजीला, म्हणजे अण्णांच्या आईला, हे अजिबात पसंत नव्हतं. ती गावाहून आली की पहिल्याच दिवशी म्हणायची, "माझ्या लेकाला गार भाकरी घालते ही." आई उलट बोलायची नाही. पण एकदा तिनं भाकरीचं पीठ मळता मळता शांतपणे सांगितलं ते मला आठवतं. "आत्या, गरम पाहिजे तर मी करून घालते. मग मी बसत नाही. मी बसायची तर भाकरी कोमटच मिळंल. काय करायचं ते यांना विचारा." अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "कोमट चालेल." आजी दोन दिवस फुगून राहिली आणि मग तीही आमच्यात बसायला लागली. तिच्या उभ्या आयुष्यात ती लेकाच्या शेजारी बसून जेवली नव्हती, हे तिनंच नंतर मला सांगितलं.

आईला हे सुचलं कुठून? तिचं माहेर सिन्नर तालुक्यातलं, पावसाच्या भरवशावरचं गाव. घरात पंधरा-वीस माणसं. तिची आई चुलीपुढे बसायची ती सगळी उठेपर्यंत उठायची नाही. गडीमाणसं आधी, मग पोरं, मग लेकी-सुना, सगळ्यात शेवटी ती. ताट घेत नसे. पातेल्यात तळाला जे लागलं असेल त्यातच भाकरी कुस्करायची. अवचित पाहुणे आले की त्या दिवशी "मला आज भूकच नाही" म्हणून तांब्याभर पाणी पिऊन निजायची. आई सांगते, मी नऊ-दहा वर्षांची असेन, मला ते खरं वाटायचं. आईला भूक लागत नाही, असंच मी समजत होते. पुढे स्वतः बाळंत झाले, अंगावर पाजायला लागले, पोटात वणवा पेटायचा, तेव्हा कळलं की माझी आई किती वेळा उपाशी झोपली असेल. हे सांगताना आजही तिचा आवाज बदलतो. आणि मग ती विषय बदलते.

आमच्या पंगतीचा आणखी एक नियम होता. ताटावर बसलेल्या माणसाला रागवायचं नाही. अण्णांना गणिताचे मार्क विचारायची हुक्की नेमकी जेवताना यायची. आई म्हणायची, "जेवल्यावर." अण्णा गप्प व्हायचे. जेवल्यावर अर्थात ते विचारायचेच, पण तोवर पोटात अन्न गेलेलं असायचं आणि त्यांचाही पारा उतरलेला असायचा. 'जेवताना बोलू नये' असं शेजारच्या घरांत शिकवायचे. आमच्याकडे बोलण्याची तीच वेळ होती. शाळेत कुणी मारलं, कुणाची चप्पल हरवली, अण्णांच्या खात्यात कुणाचं बोट मशीनमध्ये गेलं, सगळं ताटावरच कळायचं. इथं रागावणार नाहीत, एवढी खात्री असली की पोरं बोलतात. मी पंचवीस वर्षं शिक्षिका आहे, मला अजून यापेक्षा चांगला उपाय सापडलेला नाही.

अण्णांची कंपनी बंद पडली तेही आम्हाला असंच कळलं. मी नववीत होते. गेटवर नोटीस लागली होती. अण्णा दुपारी लवकर घरी आले, रात्री जेवायला बसले आणि घास हातात धरून म्हणाले, "उद्यापासून ड्युटी नाही." भावानं विचारलं, "म्हणजे सुट्टी?" कुणी काही बोलेना. आई म्हणाली, "आधी भात घ्या." तिनं त्यांच्या ताटात भात वाढला, वर आमटी घातली, मग स्वतःच्या ताटात वाढून घेतलं, आणि आम्ही सगळ्यांनी तो भात खाल्ला. त्या रात्री निजायच्या आधी तिनं अण्णांना विचारलं की अंबडला जी बाहेरगावची पोरं खोल्या करून राहतात, त्यांचं जेवणाचं काय असतं.

महिन्याभरात आमच्या घरातून डबे जायला लागले. आधी चार, मग दहा-बारा. अण्णा सायकलवरून पोचवायचे. आता वाटतं, या वेळी आईचा नियम मोडायला हवा होता. घर चालवायचं म्हटलं तर कुणाला वेळ होता पंगती मांडायला? पण डबे साडेदहाला बाहेर पडले, अण्णा परत आले, की अकराला आमचं बसणं ठरलेलं. एकदा डब्यांतला एक मुलगा, जळगावकडचा, तापानं फणफणलेला, डबा परत करायला आला आणि दारातच बसला. आईनं त्याला आत घेतलं, मऊ भात करून घातला. तो बरा झाल्यावरही कधीमधी रविवारी यायचा. आमच्याबरोबर बसायचा, पिठलं खायचा आणि म्हणायचा, घरून निघाल्यापासून कुणासोबत बसून जेवलो नव्हतो. पैसे त्यानं डब्याचेच दिले. रविवारचे आईनं कधी घेतले नाहीत.

मग माझं लग्न झालं. सासर पंचवटीतलं, गंगेपासून, म्हणजे आमच्या गोदावरीपासून, हाकेच्या अंतरावर जुनं घर, माणसं मायेची. पण पंगती दोन. पहिली पुरुषांची आणि मुलांची, दुसरी आम्हा बायकांची. खरं सांगते, त्या दुसऱ्या पंगतीतही गंमत होती. सासूबाई, दोन जावा, मी आणि एक आत्याबाई, आम्ही अशा काही हसायचो की ओसरीवरून मामंजी विचारायचे, "काय चाललंय?" बायकांना घरभर नसलेला मोकळेपणा त्या तासाभरात मिळायचा. त्या पंगतीची निंदा मी करणार नाही. फक्त तिथं येईपर्यंत भाजी संपलेली असायची. आमटी पाणी घालून वाढवलेली असायची. आणि सासूबाई त्यातही सगळ्यांचं बघून मगच स्वतःचं ताट वाढायच्या.

पहिल्या खेपेला मला पाचवा महिना असताना रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊच्याही खाली. गर्भारपणात ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, जेवणावर लगेच चहा पिऊ नका, लिंबू पिळत जा, हे सांगितलं आणि मग विचारलं, "घरात तुम्ही कितव्या जेवता?" मला आधी प्रश्नच कळला नाही. सासूबाई बरोबर होत्या, त्यांना कळला. त्यांनी खाली बघितलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ५७ टक्के. याची कारणं बरीच आहेत, पाळीतल्या रक्तस्रावापासून जंतांपर्यंत, आणि सगळं खापर मी पंगतीवर फोडणार नाही. पण ज्या घरात डाळ, भाजी, दूध मोजकंच असतं, तिथं शेवटी बसणाऱ्याच्या वाट्याला भाकरी आणि ठेचा उरतो. डाळ पहिल्यांच्या पोटात गेलेली असते. आमच्या घरात काही कमी नव्हतं, तरी माझं रक्त नऊच्या खाली होतं.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. वाटलं, ती म्हणेल, ये माहेरी. तिनं विचारलं, "तुमच्याकडं पोळ्या कोण करतं?" मी म्हटलं, आम्ही तिघी, आळीपाळीनं. "मग आधी करून ठेवायला काय होतं?"

मी सासूबाईंशी बोलले. भांडण काही झालं नाही. मामंजींनीच सांगितलं, उद्यापासून ही पहिल्या पंगतीला बसेल, तिच्या पोटात लेकरू आहे. मी सासूबाईंना म्हटलं, मी एकटी बसले तर वाढणाऱ्या तुम्ही, आई. मला घास जाणार नाही. मग दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पोळ्यांचा डबा भरून मधोमध ठेवला, भाजीची कढई, आमटीचं पातेलं, भात, सगळं मांडलं, आणि म्हणाल्या, "ज्यानं त्यानं घ्या आता." त्या बसल्या. मामंजींना भात कुठून आणि किती घ्यायचा कळेना. त्यांना इतकी वर्षं कुणीतरी वाढलेलं होतं. पण ते शिकले, आणि पुढे तर वाढायला तेच पुढे असायचे. सासूबाईंच्या ताटात दोनदा भाजी वाढायचे. त्या 'पुरे' म्हणायच्या, ते ऐकायचे नाहीत.

नोकरीनं मला दिंडोरी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर नेलं. शाळेत दुपारी पोषण आहार असतो, पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. पोरं ओळीनं बसतात, ताई वाढतात. एकदा चौथीच्या वर्गात मी विचारलं, तुमच्या घरी सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? सगळा वर्ग एका सुरात, "आई!" एक मुलगी म्हणाली, "आमची आई उभ्यानं जेवती, बाई. भांडी घासता घासता." तिला त्यात वेगळं काहीच वाटत नव्हतं.

त्या पोरांच्या आया बहुतेक द्राक्षबागेत मजुरीला. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढे थिनिंग, डिपिंगची, म्हणजे घड विरळ करायची आणि औषधात बुडवायची, कामं चालू होतात. पेठ-सुरगाण्याकडूनही कुटुंबंच्या कुटुंबं येतात. पहाटे स्वयंपाक उरकून, डबा बांधून, पिकअपमध्ये उभ्यानं बागेवर. मी एकदा शाळाबाह्य पोरं शोधत एका बागेत गेले होते. दुपारची सुट्टी झाली होती. मांडवाखाली सावलीत बाया गोल करून बसल्या होत्या. प्रत्येकीनं फडकं सोडलं, नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी कुणाची, बाजरीची कुणाची, कालवणाचे डबे मधे ठेवले आणि जिला जे आवडेल ते तिनं घेतलं. एकीनं भोपळ्याच्या फुलांची भाजी आणली होती, ती सगळ्यांत आधी संपली. मलाही बसवलं. घरात शेवटी आणि उभ्यानं जेवणाऱ्या या बाया इथं बैठक मारून, निवांत, एकमेकींना आग्रह करत जेवत होत्या. मजुरीच्या दिवसातला तो अर्धा-पाऊण तास त्यांना घरात का मिळू नये, हा प्रश्न माझ्या डोक्यातून आजवर गेलेला नाही. म्हणून मी पालकसभेत दर वर्षी हा विषय काढते. बापांना विचारते, तुमची बायको कधी जेवते माहीत आहे का? काहींना राग येतो. काही जण खरंच विचारात पडतात.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईही आता आमच्या ओळीत बसतात. पोरांना वाढून झालं की पातेली मधे ठेवतो, आणखी लागेल त्यानं हात वर करायचा, उठून वाढायला मोठ्या वर्गातली दोघं. ताई पहिल्या दिवशी संकोचानं भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

माझ्या स्वतःच्या संसारातही हे सरळ चाललं असं नाही. नवरा काही वर्षं मुंबईला अप-डाऊन करत होता. पंचवटी एक्सप्रेस १९७५ पासून नाशिकच्या नोकरदारांना मुंबईला पोचवते आणि परत आणते. पासधारकांचा डबा म्हणजे दुसरं घरच. तिथं वाढदिवस होतात, डबे उघडतात. पण तो पहाटे घर सोडायचा आणि परत यायला रात्रीचे दहा वाजून जायचे. मुलं तोवर पेंगायची. मी काही दिवस मुलांना जागं ठेवून बघितलं, ते काही खरं नव्हतं. आई म्हणाली, "रात्रीचं जमत नाही ना? मग पहाटेचं धर." आम्ही पाच वाजता चौघं पोहे खायला बसायचो. मुलं अर्धवट झोपेत, धाकटी बापाच्या मांडीवर. शेजारच्यांना हे वेड वाटायचं. पण मुलीनं शाळेतल्या एका मोठ्या मुलाचा त्रास पहिल्यांदा सांगितला तो तिथंच, पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढता काढता.

आई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, म्हणून आमच्याकडे टेबल आलं. तिची खुर्ची भिंतीकडची, तिथून सगळ्यांची ताटं दिसतात. भाकऱ्या आता नवरा थापतो. त्या गोल होत नाहीत, पण फुगतात. तोही थापून, दुरडीत ठेवून, हात धुऊन बसतो, कारण तो उभा असेपर्यंत आई घास घेत नाही.

मुलगा पुण्याला नोकरीला आहे, पाच जणांनी मिळून फ्लॅट घेतलाय. मागच्या आठवड्यात त्यानं आजीला व्हिडिओ कॉल लावला, शेंगोळे कसे करायचे विचारायला. आईनं हुलग्याचं पीठ किती, लसूण किती, पीठ घट्ट मळ, पाण्याला उकळी आल्याशिवाय सोडू नको, सगळं सांगितलं. मग विचारलं, "पोळ्या कोण करणार?"

"आजी, पोळ्या आम्ही विकत आणतो. खाली एक मावशी देतात."

"बरं झालं. म्हणजे तू पण बसशील," आई म्हणाली. "आणि त्या मावशी कधी जेवतात रे?"

त्याला माहीत नव्हतं. विचारतो म्हणाला.